दापोड्याच्या गेटवरची साडी

अन्याय झाला तो सुनंदा गायकवाड यांच्यावर. राहणार दिघाशी, तालुका भिवंडी. केव्हा, तर गेल्याच्या गेल्या वर्षी दसऱ्याला, सकाळची शिफ्ट सुटताना. कुठे, तर दापोड्यातल्या एका गोदामाच्या बायकांच्या गेटवर, अख्ख्या लायनीसमोर. पत्रक लिहिताना मी असंच सुरू करते आणि इथेही तसंच करणार. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप दिला होता की अनुभव म्हणून लिहा, जरा गोष्टीच्या अंगाने जाऊ द्या. गोष्टीच्या अंगाने लिहिणारी आमच्या कामगार संघटनेत दुसरी आहे. तिचं पुढे येईलच.

आधी काम समजून घ्या, म्हणजे गुन्हा समजेल.

मी त्या गोदामात रिटर्नच्या टेबलावर होते, सुनंदाताईंच्या उजव्या हाताला. तुम्ही मोबाइलवर कपडे मागवता, पसंत पडले नाहीत की बटण दाबता, कुरिअरवाला येऊन पार्सल घेऊन जातो. पुढे ते कुठे जातं हे तुम्ही कधी विचारलेलं नाही. ते आमच्याकडे येतं. गोण्या भरभरून. आम्ही कटरने पार्सल फाडायचं, कपडा उलगडायचा, आणि ठरवायचं की हा पुन्हा नवा म्हणून विकायचा, स्वस्त लॉटमध्ये टाकायचा की भंगारात. पहिल्याला ए, दुसऱ्याला बी. पार्सलवर परत करण्याचं कारण छापून येतं: साईझ बसला नाही, रंग फोटोत वेगळा होता, आता गरज नाही. ते कारण आम्ही वाचायचो ते हसण्यापुरतं.

कारण खरं काय ते कपडाच सांगतो. सुनंदाताईंनी मला पहिल्या आठवड्यात शिकवलं की डोळ्यांच्या आधी नाक लावायचं. मोगरा, घाम, हळद, अत्तर, तळणीचा धूर, सगळं कपड्यात बसलेलं असतं. मग खांद्यावर बोट फिरवायचं. साडी खरोखर नेसली असेल तर पदराला पिन लावलेली असते आणि पिनेची भोकं बोटाला लागतात. मग निऱ्यांची घडी. कारखान्यातली घडी वेगळी आणि कमरेवरून सुटलेल्या साडीला घाईघाईने घातलेली घडी वेगळी. एका पैठणीच्या घडीतून अक्षता पडल्या होत्या, कारण लिहिलं होतं "रंग आवडला नाही". एका कोटाच्या खिशात लग्नाची पत्रिका, तीवर नवऱ्यामुलाच्या मामाचं नाव पेनाने अधोरेखित केलेलं. कोट त्या मामाचाच असणार. स्पर्धा परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं, सगळी उत्तरं शिसपेन्सिलीने लिहून खोडलेली, आणि कारण काय, तर "चुकून मागवलं".

या लोकांना आमच्या टेबलावर एक नाव होतं, एकनेशी. एकदा नेसून परत पाठवणारी. टॅग न तोडता, तो कमरेला आत खोचून, लग्नात मिरवून, दुसऱ्या दिवशी पार्सल. पिनेची भोकं लागली की टेबलावरून कोणीतरी ओरडायचं, "आली गं एकनेशी", आणि सगळ्या हसायच्या. सर्वांत मोठ्याने सुनंदाताई. त्या नक्कलही करायच्या. साडी खांद्यावर टाकून, मान वाकडी करून, जाऊबाईला दाखवल्यासारखं म्हणायच्या, "आमच्या ह्यांनी आणली हो, मी नको नको म्हणत होते."

एकदाच त्या हसल्या नाहीत. पुरुषाचा पांढरा कुडता आला होता, उदबत्तीचा आणि लाकडाच्या धुराचा वास. मी भंगारात टाकायला निघाले तर माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "बी दे याला. कुणाचं तरी मयत झालेलं हाय." मी तेव्हा अठ्ठाविशीही गाठली नव्हती, आणि हे असलं काही मला येणार नाही हे मला तिथेच कळलं. मी सुनंदाताईंचा हेवा करायचे, हे लिहून ठेवते. ही बाई कपडा हातात घेऊन माणूस ओळखायची.

आता दसरा. मॅनेजमेंटने फर्मान काढलं होतं की सणाचे कपडे घालून या, फोटो काढायचे आहेत. एरवी आम्ही कंपनीच्या टी-शर्टात. सुनंदाताई पांढरी साडी नेसून आल्या, निळा काठ, हलकी आणि अंगाला छान बसणारी. दसरा म्हणजे त्यांच्याकडे धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, संध्याकाळी दिघाशीच्या विहारात कार्यक्रम. वंदना सांगायचा मान त्या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्याकडे आला होता. महिनाभर आम्ही तेच ऐकत होतो. शबाना म्हणून आमच्या टेबलावरची, तिने तर त्यांचं नाव बदलून "धम्मवाली मौसी" करून टाकलं होतं.

शिफ्ट सुटली. गेटवर चेकिंग असतं, बाईगार्ड पडद्याआड अंगावरून हात फिरवते. त्या दिवशी गर्दी होती म्हणून पडदा बाजूला सारलेला होता. गार्डचा हात सुनंदाताईंच्या कमरेशी थांबला. आत खोचलेल्या टोकातून तिने पुठ्ठ्याचा टॅग ओढून काढला. आपल्याच गोदामातून जाणाऱ्या मालाचा टॅग.

"मौसी, ये क्या है?"

गेटचा नियम साधा आहे, बाहेर जाणाऱ्या अंगावर टॅग दिसला की तो माल चोरीचा. मी तीन बाया मागे होते. मी ओरडले की आधी स्कॅन करा. टॅगवर बारकोड असतो, साडी रीतसर विकली गेली असेल तर मशीन क्षणात सांगतं. सुपरवायझरच्या कमरेलाच मशीन होतं, त्याने काढलंही. तेवढ्यात सुनंदाताईंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नको. राहू दे, अश्विनी."

मग काय. सुपरवायझरने मशीन परत अडकवलं. त्यांना कपडे बदलायच्या खोलीत नेलं, साडी उतरवून घेतली, कंपनीचा टी-शर्ट आणि कुणाची तरी जुनी पॅन्ट दिली. त्या वेषात, हातात टॅग धरायला लावून, फोटो काढला. पोलिसात देत नाही हा उपकार समजा, असं वर सांगितलं. फोटो सिक्युरिटीच्या केबिनच्या काचेवर चिकटला, खाली "चोर". त्याच संध्याकाळी तो गार्डांच्या ग्रुपवरून दापोड्यापासून काल्हेरपर्यंत प्रत्येक गोदामाच्या गेटवर पोचला. सुनंदाताई तशाच टी-शर्टात रिक्षाने घरी गेल्या. विहारात वंदना दुसऱ्या कुणीतरी सांगितली.

मी ओरडल्याबद्दल दुसऱ्या दिवसापासून माझंही गेट बंद. बरंच झालं, मी संघटनेचं काम पूर्णवेळ करू लागले आणि पहिलं पत्रक काढलं: निष्कलंक सुनंदाताईंवर चोरीचा खोटा आळ. जळजळीत होतं. गेटोगेटी वाटलं. बायांनी घेतलं, वाचलं, काहींनी त्यात चपात्या गुंडाळल्या. कंपनीने एका वाक्यात उत्तर दिलं की बाईंनी यावं, आम्ही त्यांच्यासमोर स्कॅन करतो. मी उड्या मारत दिघाशीला गेले. सुनंदाताई म्हणाल्या, नको. का नको, तर नको. मी सगळं करून पाहिलं, हक्क सांगितले, कायदा सांगितला, चिडले, पाया पडले. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मला वाटलं, घाबरल्या आहेत. भीतीवर मी आणखी दोन पत्रकं काढली.

आता रोहिणी. ती आमच्याच संघटनेतली. भिवंडीत जुनं, शिक्षकांचं घर, वडील मुख्याध्यापक होते. तिने गोदाम बाहेरून पाहिलेलं. रिटर्नच्या टेबलावर आठ तास उभं राहिल्यावर पोटऱ्यांचं काय होतं हे तिला माहीत नाही. पण तिचा आवाज हळू आहे, आणि ती समोरच्या बाईला बोलू देते. मी सतरा प्रश्न विचारून जे मिळवत नाही ते तिचा चहा गार होईपर्यंत बाई स्वतःहून सांगून मोकळी. माझं पत्रक हातात घेताना लोक अंग चोरतात, तिला मात्र लोक शेजारी बसवून घेतात. मला तिचा हेवा वाटतो. आधी वाटायचा असं नाही, आत्ता लिहितानाही वाटतो. सभेत माझ्या नंतर ती बोलायला उठली की मी उरलेली पत्रकं मोजत बसते.

गेल्या वर्षी याच अंकात तिची कथा आली. तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचली. कितींनी तिला कळवलं की डोळ्यांत पाणी आलं, हेही मला माहीत आहे, रोहिणी ती पत्रं कार्यालयात मोठ्याने वाचून दाखवायची. नावं बदललेली होती. कथेतली बाई परत आलेल्या पार्सलांच्या टेबलावर काम करते, सणाला पांढरी साडी मागवते, टॅग न तोडता कमरेला खोचते, कारण दुसऱ्या दिवशी ती परत पाठवायची असते. आणि गेटवर पकडली जाते तेव्हा ती चोर म्हणवून घेते, पण मशीन लावू देत नाही. मशीन लावलं तर साडी मुलीच्या मोबाइलवरून मागवलेली निघेल, आणि परत पाठवायची विनंती आधीच नोंदवून ठेवलेली निघेल. मागे तिच्या टेबलावरच्या बाया उभ्या असतात. ज्यांच्यासोबत ती अशाच बायकांना रोज हसायची त्याच.

हे मला छापील पानावरून कळलं. मी तीन बाया मागे उभी होते, सव्वा वर्ष त्यांच्या उजव्या हाताला उभी होते, आणि मला हे दिवाळी अंकातून कळलं.

कथा चांगली होती. तेच तर दुखणं. पण मला एक सांगा, तुम्ही वाचलेल्या गोष्टी-कादंबऱ्यांत अपराधी कोणाला वाटतं? ज्याने केलं त्याला. खुनी माणसाची झोप उडते, नवरा बायकोला फसवतो आणि झुरतो, सावकार मरताना रडतो. अख्खी कादंबरी तो स्वतःला खात बसतो आणि आपण म्हणतो, किती खोल लिहिलंय. आमच्या गोदामात हे उलटं आहे. पैठणीतून अक्षता सांडणाऱ्या बाईला काही वाटत नाही. पत्रिकेतल्या मामाला काही वाटत नाही. ते पुढची ऑर्डर देतात. अपराध एकीकडे बिनधास्त फिरतो आणि लाज दुसऱ्याच बाईच्या अंगावर येऊन पडते, सगळ्यांच्या वाटची. मला पुस्तकांतल्या त्या अपराध्यांचाही हेवा वाटतो. त्यांना एकटं बसून लाजायला खोली तरी असते. सुनंदाताईंना सरकवलेला पडदा होता.

मी तो अंक घेऊन दिघाशी गाठली. भांडायलाच गेले होते. सुनंदाताई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी अंक पुढे धरला आणि विचारलं, हे खरं?

त्यांनी ओली चादर झटकली. "हाय."

"मग मला का नाही सांगितलं? तिला सांगितलं, मला नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच छापून वाटलं असतंस."

"तिनेही छापलंच."

"नाव न्हाय माझं त्यात." मग म्हणाल्या, "आणि तू माझ्यासाठी निष्कलंक लिहून आलीस गं. गेटोगेटी वाटलंस. मग मी तुला कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

मी चादरीचं दुसरं टोक धरलं.

त्यांची मुलगी प्रतीक्षा दारात उभी होती. बारावी झालेली, कॉलेजसाठी काहीतरी हाताशी हवं म्हणून गोदामात काम शोधत होती. काल्हेरला गेली होती आदल्या आठवड्यात. गार्डने आधारकार्डावर आडनाव आणि गाव वाचलं, मोबाइल काढला, आईचा फोटो तिच्या तोंडासमोर धरला आणि विचारलं, "ये तेरी कौन है?" ती म्हणाली, आई. तो म्हणाला, मग घरी जा. पोरीने आईला काही सांगितलं नव्हतं. मला सांगताना तिने आवाज खाली केला नाही, मुद्दाम केला नाही. सुनंदाताईंच्या हातातला चिमटा दोरीवर बसेचना.

त्यानंतर आठवडाभरात त्यांचा फोन आला. मला नाही, रोहिणीला. निरोप असा की मला बोलायचंय, पण साहेबाच्या केबिनमध्ये नको, गेटवर. शिफ्ट सुटताना. माझ्या टेबलाच्या बाया लायनीत असतील तेव्हा.

आम्ही तिघी गेलो. मी मेगाफोन नेला होता, रोहिणीने काहीच नेलं नव्हतं. मॅनेजर खाली आला, तोच सुपरवायझर, तीच काच, तोच फोटो उन्हाने पिवळा पडलेला. मी सुरुवात करायला मेगाफोन तोंडाशी नेला तर सुनंदाताईंनी हाताने तो खाली केला. आणि लायनीकडे तोंड करून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या:

"ती साडी माझी होती. मुलीच्या मोबाइलवरून मागवलेली, पैसे भरलेली. मी ती विहारात नेसून दुसऱ्या दिवशी परत पाठवणार होते. आपण जिला हसायचो ना, ती मी. म्हणून त्या दिवशी मशीन लावू दिलं नाही."

मला वाटलं, आता हसतील. मग मागून शबाना म्हणाली, "मौसी, इतनी सी बात? ईद का मेरा सूट किसने रिटर्न किया था, पूछो इन लोगों को." कुणीतरी खुदकन हसलं. एकीने सांगितलं की तिने भावाच्या लग्नात नणंदेच्या नावाने मागवून नेसली. दुसरी म्हणाली, "माझ्या नवऱ्याचे बूट, इंटरव्ह्यूला घातलेले, मीच ए देऊन काढलेत." तिच्या शेजारणीने तिला कोपर मारलं, सुपरवायझर ऐकतोय. मग ती लायन अशी काही बोलायला लागली की गार्डला आवरेना. इतके दिवस आम्ही ज्यांना हसत होतो त्या आमच्यातल्याच होत्या, प्रत्येक जणी एकेकटी, शेजारणीला न कळू देता. सुनंदाताई रडायला लागल्या. रडताना त्यांनी खांदा शोधला तो रोहिणीचा. मी एका हातात मेगाफोन घेऊन शेजारी उभी होते. असो.

मॅनेजरने ऑर्डर तपासली. निघाली, पैसे भरलेली निघाली. मी विचारलं, मग ती साडी कुठाय? तो म्हणाला, सिस्टिममध्ये दिसत नाही. दिसणार कशी? शबानाने तेव्हाच सांगितलं होतं की दसऱ्यानंतर ती साडी टेबलावर आली आणि ए ग्रेडने पुढे गेली. म्हणजे एकच साडी कंपनीने दोनदा विकली. या बाबतीत तिथे कोणाचाही चेहरा पडलेला मला दिसला नाही.

फोटो काचेवरून निघाला. सुपरवायझरने नखाने खरवडून काढला. तो निघत असताना मॅनेजर आवाज मऊ करून म्हणाला की ठीक आहे, चोरी नाही हे मान्य, पण नेसून परत करण्याचा हेतू त्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलाय. ग्राहकाचं वेगळं. ग्राहक आहे तो. कर्मचाऱ्याने केलं तर ती फसवणूक. तेव्हा नाव काळ्या यादीतच राहील, आणि गार्डांच्या मोबाइलमधल्या फोटोबद्दल कंपनी काही करू शकत नाही.

रोहिणीने यावर दुसरी कथा लिहायला घेतली आहे. ती सुंदर होईल, आणि मी ती जळत जळत वाचीन. पण सुनंदाताई आज घरी बसून आहेत आणि प्रतीक्षाला काल्हेरच्या तिसऱ्या गेटवरून परत पाठवलंय. खरं बोलल्यावर त्यांना मिळालं काय, तर शिक्षा तीच, फक्त तिचं कारण बदललं. त्या यादीतून हे नाव निघायचं असेल तर मॅनेजरचं ते एकच वाक्य मोडायला हवं, ग्राहकाचं वेगळं. ते मला मोडता येत नाही, मी कर्मचारी. रोहिणीलाही येत नाही, तिने आयुष्यात काही परत केलेलं नाही, तशीच आहे ती. ते मोडता येतं फक्त तुम्हाला.

म्हणून आता तुम्हाला सांगते. विनंती करत नाही. गेल्या वर्षी ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं त्यांना तर नाव घेऊन सांगते, तुमची पत्रं रोहिणीच्या खणात आहेत. दिवाळी झाली की पहिल्या सोमवारी दुपारी, सकाळची शिफ्ट सुटताना, दापोड्याच्या बायकांच्या गेटवर या. सुनंदाताई तिथे उभ्या असतील, त्यांच्या शेजारी उभ्या राहा. लग्नात, मुंजीत, इंटरव्ह्यूला, मयताला, जे काही तुम्ही अंगावर घालून परत पाठवलंत ते लायनीसमोर मोठ्याने सांगा. आपलं पूर्ण नाव सांगा, नवऱ्याला सोबत आणलं असेल तर त्याच्या देखत सांगा. आणि मग मॅनेजरकडे वळून विचारा, माझा फोटो कुठे लावलाय?